गालिच: छावणीत न गेलेल्या माणसाने छावणीची गाणी म्हणावीत का?

मंद्रसप्तक
गेले तीन आठवडे कामावर जाता-येता मी अलेक्सांद्र गालिच या एकाच माणसाला ऐकतेय. रशियन मला जेमतेम येतं, दोन वर्षं क्लासला गेले होते तेवढंच, त्यामुळे एकेका गाण्याला चार-चार संध्याकाळी जातायत. आवाज म्हणाल तर खास नाही, घोगरा, जरा थकलेला, गिटारही बेताची, पण शब्द असे टाकतो की हा नाटकातला माणूस आहे हे लगेच कळतं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. जन्म १९ ऑक्टोबर १९१८, येकातेरिनोस्लाव, म्हणजे आजचं युक्रेनमधलं द्निप्रो. घर ज्यू, खरं आडनाव गिन्झबुर्ग. 'गालिच' हे नाव त्याने स्वतःच जुळवलं, गिन्झबुर्गचा ग, अलेक्सांद्रचं सुरुवातीचं अल आणि अर्काद्येविचमधलं शेवटचं इच. चाळिशीत पोचला तेव्हा त्याचं मस्त चाललेलं होतं. कोन्स्तांतीन इसायेवबरोबर लिहिलेलं 'तुम्हाला तैमीरहून फोन आहे' हे हलकंफुलकं नाटक १९४८ पासून गाजत होतं, १९५४ चा कालातोझोवचा 'जिवलग मित्र' हा सिनेमा त्या दोघांच्याच पटकथेवर. मॉस्कोत एअरोपोर्ट मेट्रोजवळ लेखकांच्या सोसायटीत फ्लॅट, अंगावर चांगले कपडे, परदेशवाऱ्या. आणि असा माणूस १९६२ च्या सुमारास गिटार घेऊन स्तालिनच्या सक्तमजुरीच्या छावण्यांतल्या कैद्यांची, दारुड्यांची, मेलेल्या सैनिकांची गाणी म्हणायला लागतो. २९ डिसेंबर १९७१ ला लेखक संघातून हकालपट्टी, पुढच्याच वर्षी सिनेमावाल्यांच्या संघातून, २५ जून १९७४ ला देश सुटला, १५ डिसेंबर १९७७ ला पॅरिसमध्ये मृत्यू. वय ५९.

आता माझा प्रश्न. हकालपट्टीच्या त्या बैठकीत आर्बुझोव नावाचा नाटककार उठला. तरुणपणी दोघं एकाच नाट्यस्टुडिओत होते. तो म्हणाला की मी याला १९४० पासून ओळखतो, हा कधी तुरुंगात गेलेला नाही, आणि 'मी' 'मी' करत कैद्यांची गाणी म्हणतो, दुसऱ्यांचं आयुष्य लुटतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा अशा अर्थाचाच शब्द वापरला.

मला त्या बैठकीचा संताप येतो, पण तो मुद्दा डोक्यातून जात नाही. गालिच खरंच एक दिवसही छावणीत नव्हता. मग 'मी वीस वर्षं गारठलो' असं गाणं म्हणण्याचा हक्क त्याला होता का? तुम्हाला काय वाटतं?

कोरा_कागद
नावही ऐकलं नव्हतं. वाचनखूण साठवली. कुठल्या गाण्यापासून सुरू करू?

मंद्रसप्तक
'ढग'. तीन-साडेतीन मिनिटांचं आहे. एक सुटून आलेला कैदी हॉटेलात बसलाय, तंदूर नाही पण तसलीच दाबून भाजलेली कोंबडी मागवलीय, कोन्याक बरीच झालीय, आणि खिडकीतून ढग बघतोय. ढग सावकाश अबाकानच्या दिशेला चाललेत, सैबेरियाकडे. त्यांना ऊब आहे, त्यांना वकील लागत नाही, माफीचा हुकूम लागत नाही. आणि शेवटाकडे कळतं की याच्यासारखाच अर्धा देश आज दारूच्या गुत्त्यांत बसलाय आणि सगळ्यांच्या आठवणी त्याच दिशेला चालल्यात.

नदीकाठ
प्रश्न आवडला पण उत्तर मला सरळ दिसतं. नाही, हक्क नाही. 'तो' म्हणून लिही ना, कोण अडवतंय? 'मी' कशाला? ज्याने खरंच वीस वर्षं काढली त्याच्या तोंडचा 'मी' काढून घ्यायचा आणि रात्री आपल्या गरम फ्लॅटमध्ये झोपायला जायचं. आर्बुझोव वाईट असेल पण बोलला ते चूक नाही.

नाटकवेडा
नदीकाठ, थांबा जरा. हा माणूस मुळात नाटककार आहे हो. नाटकात प्रत्येक पात्र 'मी'च म्हणतं! त्याच्या गाण्यांत 'मी' म्हणणारे किती जण आहेत बघा. एक दारुडा आहे, एक सरकारी कारखान्यातला फोरमन आहे, नार्वाजवळ बर्फात पुरलेले सैनिक आहेत, ते 'आम्ही' म्हणतात. आता गालिच मेलेला पण नव्हता ना तेव्हा? मग तो कसा काय 'आम्ही पुरलेलो आहोत' म्हणतो? प्रत्येक गाणं ही एकपात्री एकांकिका आहे. मैफिलीत गाण्याआधी तो बोलायचाही तसाच, पात्र कोण, कुठे उभंय, काय घालून आलंय.

आणि आर्बुझोवची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या स्टुडिओतल्या सगळ्या पोरांनी मिळून 'पहाटेचं शहर' हे नाटक रचलं होतं, १९४१ मध्ये आलं, आमूर नदीवर कोम्सोमोल्स्क शहर वसवणाऱ्या तरुणांवर. तालमी करता करता सगळ्यांनी मिळून लिहिलेलं. त्यातली काही पोरं युद्धात मेली. आणि १९५७ मध्ये तेच नाटक आर्बुझोवने एकट्याच्या नावावर छापलं. तेव्हा कोणी कोणाचं लुटलं हा प्रश्न त्याच्या तोंडी शोभत नाही.

नदीकाठ
@नाटकवेडा हे माहीत नव्हतं, थँक्स. पण विचारणारा चोर असला म्हणून प्रश्न खोटा होत नाही. मी माझ्या मतावर आहे.

स्पूलवाला
वाद चालू द्या, मी जरा यंत्राबद्दल बोलतो कारण त्याशिवाय गालिच हा विषयच नाही. ही गाणी रेकॉर्ड कंपनीने काढली नाहीत, रेडिओवर वाजली नाहीत, देशात छापली नाहीत. मग पोचली कशी? घरगुती स्पूल टेपरेकॉर्डरवरून. कोणाच्या तरी फ्लॅटवर पंचवीस-तीस माणसं जमायची, हा गायचा, मध्ये टेबलावर टेपरेकॉर्डर, त्यावरून दुसऱ्याने कॉपी करायची, त्यावरून तिसऱ्याने. हस्तलिखितं टाइप करून वाटायच्या पद्धतीला तिथे समिझदात म्हणायचे, तसं याला मग्नितिझदात. टाइपरायटरला कार्बन लावून चारच प्रती निघतात, टेपला मर्यादा नाही. गालिचच्या एका गाण्यात हेच आहे, एरिका टाइपरायटर चार प्रती काढतो, बास, तेवढं पुरे. पुढे याउझा टेपरेकॉर्डरचं नाव घेऊन परत तेच, तेवढं पुरे. याउझा हा तिकडचा साधा, दुकानात मिळणारा टेपरेकॉर्डर. छापखाना सरकारच्या ताब्यात, पण लोकांना गाणी ऐकायला म्हणून टेपरेकॉर्डर विकलेले, ते परत कसे गोळा करणार?

मी पस्तीस वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. प्रत्येक कॉपीला वरचे सूर थोडे झिजतात, सूं आवाज वाढतो, हेड वाकडं असेल तर आवाज रजईखालून आल्यासारखा होतो. पाचव्या-सहाव्या कॉपीवर गिटार जवळजवळ जाते आणि फक्त माणसाचा आवाज उरतो. गालिचचं गाणं पाचव्या कॉपीवरही टिकतं कारण ते शब्दांवर उभं आहे, सुरावटीवर नाही. मला तर वाटतं त्याने ते ओळखून रचलं असावं.

कोरा_कागद
काका जबरदस्त प्रतिसाद. 'रजईखालून' एकदम पटलं, 'ढग' ऐकलं आत्ता, मागे पेल्यांचा किणकिणाट ऐकू येतोय!

खारकोवी
हा धागा बघून राहवलं नाही. मी १९८३ ते ८९ खारकोवला इंजिनिअरिंगला होतो. आमच्या होस्टेलमध्ये विसोत्स्की भिंतीतून गळायचा म्हणा ना, प्रत्येक खोलीत. अकुदझावा पण, तोही असाच गिटारवर स्वतःची गाणी म्हणणारा. गालिच मात्र नाही. पहिल्यांदा ऐकला तो माझ्या रूममेटच्या घरी, त्याच्या वडिलांनी आतल्या खोलीतून कपड्यांच्या खालून स्पूल काढली, खिडकी लावली आणि आवाज इतका कमी ठेवला की आम्ही तिघं डोकी एकत्र करून ऐकत होतो. माझं रशियन तोवर चांगलं झालं होतं तरी निम्मं कळलं नाही. कळलं ते एकच गाणं आणि त्याला मी इतका हसलो की काकांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

ते गाणं असं. क्लीम पेत्रोविच हा कारखान्यातला आदर्श कामगार, सुट्टीच्या दिवशी त्याला घाईघाईने शांतता सभेत भाषणाला नेतात. गाडीत हातात कागद देतात, वाचायला वेळ नाही. हा स्टेजवर जाऊन ठणठणीत आवाजात सुरू करतो, आणि वाचता वाचता त्याच्या लक्षात येतं की कागद चुकलाय, हे भाषण एका बाईसाठी लिहिलेलं आहे. 'एक आई म्हणून, एक स्त्री म्हणून मी जाब विचारते!' याला घाम फुटतो. समोर बघतो तर सभागृहात एक माणूस हसत नाही, कोणी ऐकतच नाहीये. वाचून खाली उतरतो तर पक्षाचा पहिला सेक्रेटरी पाठ थोपटतो, छान बोललात, कामगाराच्या भाषेत!

काका आधी हसले आणि मग म्हणाले, अशा सभांना मी तीस वर्षं गेलोय. मग रडले. मी १९ वर्षांचा होतो, मला काय करावं कळेना, मी चहा ओतत बसलो.

अत्तरदाणी
खारकोवी _/\_

शंकासुर
छान चाललंय पण एक विचारतो, मृत्यूबद्दल कोणी बोलत नाही. नवा म्युझिक सिस्टिम आणला, त्याची अँटेना लावताना शॉक बसला, बायको बाहेर गेली होती तेवढ्यात. हे पटतं का कोणाला? देशातून काढलेला, म्युनिकच्या रेडिओ लिबर्टी या सोव्हिएत श्रोत्यांसाठीच्या अमेरिकी रेडिओवरून दर आठवड्याला बोलणारा माणूस, आणि शॉक लागून जातो?

स्पूलवाला
@शंकासुर पटतं. पॅरिसच्या पोलिसांनी तपास करून अपघात ठरवला. संशय त्याच्या जवळच्या काही लोकांनाही होता हे खरं, पण पुरावा आजवर कोणी पुढे आणलेला नाही. जुन्या सेटच्या मागे अँटेनाची पिन चुकीच्या भोकात घातली तर काय होतं ते मी डोळ्याने पाहिलंय, माझा मदतनीस पोरगा थोडक्यात वाचला होता. त्यात गालिचला आधीच तीन हार्ट अटॅक येऊन गेलेले. असं हृदय असल्यावर किती करंट लागतो?

शंकासुर
हृदयाचं लक्षात घेतलं नव्हतं. ठीक, एवढ्यावर थांबतो.

नाटकवेडा
मला त्याच्या मृत्यूपेक्षा त्याच्या एका न झालेल्या नाटकाबद्दल बोलायचंय. 'मात्रोस्काया तिशिना', शब्दशः 'खलाशाची शांतता', मॉस्कोतल्या रस्त्याचं नाव आहे, त्याच रस्त्यावर प्रसिद्ध तुरुंग. १९४५ मध्ये सुरू केलं, दहा-अकरा वर्षांनी पुरं केलं. तुल्चिन गावातला आब्राम श्वार्त्स, गोदामावर काम करणारा, थोडा पिणारा, थोडा अफरातफर करणारा ज्यू बाप. त्याला एकच वेड, पोरगा दाविद मोठा व्हायोलिनवादक होणार. निरनिराळ्या शहरांची पोस्टकार्डं जमवायचं, तिथे तिथे पोरगा वाजवणार म्हणून. पोरगा मॉस्कोला कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, जातो आणि बाप भेटायला आला तर त्याला त्या गावंढळ बापाची लाज वाटते. पुढे युद्ध, दाविद जखमी होऊन हॉस्पिटलच्या रेल्वेगाडीत, आणि तिथे मेलेला बाप त्याच्याशी बोलायला येतो, नाझींनी आम्हाला कसं नेलं ते सांगतो. पोराचं लहानपणीचं व्हायोलिन सोबत होतं, ते त्याने एकाच्या तोंडावर हाणलं.

ओलेग येफ्रेमोव आणि त्याची तरुण मंडळी, जी पुढे सोव्ह्रेमेन्निक थिएटर झाली, त्यांनी १९५८ ला रंगीत तालमीपर्यंत आणलं. आणि रंगीत तालमीलाच बंद पडलं. अधिकारी बाईंनी गालिचला सुनावलं त्याचा आशय, राजधानीच्या मधोमध ज्यूंनी युद्ध कसं जिंकलं याचं नाटक दाखवायचंय का तुम्हाला. गालिचने या एका दिवसावर पुढे अख्खं पुस्तक लिहिलं, नावच 'रंगीत तालीम', १९७४ मध्ये देशाबाहेर छापून आलं.

मी स्वतः हौशी नाटकात आहे, आमचं एक नाटक रंगीत तालमीनंतर पडलं होतं, कारण वेगळं होतं, पैशाचं. सेट उतरवताना कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. माझ्या मते गालिच गाण्यांकडे वळला त्याचं मूळ इथे आहे. नाटकाला नट लागतात, थिएटर लागतं, परवानगी लागते. गाण्याला एक गिटार.

अत्तरदाणी
मग ते नाटक कधी झालंच नाही का?

नाटकवेडा
झालं, १९९० मध्ये. ओलेग ताबाकोवने केलं, म्हाताऱ्या आब्रामच्या भूमिकेत व्लादिमीर माश्कोव, तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा पोरगा. त्यानेच २००४ मध्ये त्यावर 'पापा' सिनेमा केला. गालिच जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.

मंद्रसप्तक
नाटकवेडा, तुमच्या प्रतिसादाने काल रात्री झोप लागली नाही. सुरुवातीच्या पोस्टमध्ये हे घालायला हवं होतं, मी त्याला 'मस्त चाललेला' म्हणून मोकळी झाले. मस्त चाललेल्या माणसाच्या खणात १९५८ पासून ते नाटक पडून होतं.

पण तो व्यवस्थेच्या किती आत होता तेही सांगते. १९६४ च्या 'राजद्रोही' सिनेमाची पटकथा त्याची, आणि त्यासाठी त्याला बक्षीस मिळालं ते चक्क केजीबीचं! त्याच वर्षांत तो हीपण गाणी लिहीत होता. दोन्ही एकाच टेबलावर. हे मला नीट पेलत नाही.

तांबडी_माती
उशिरा आलो, सगळं वाचलं. मूळ प्रश्नावर लिहितो कारण तो माझ्या घरातला प्रश्न आहे. दलित साहित्यात हा वाद पन्नास वर्षं चाललाय, भोगलेल्याने लिहायचं की बघितलेल्यानेही लिहायचं. मी त्यात भोगलेल्याच्या बाजूचा. माझ्या आजीच्या आयुष्यावर कोणी लांबून हळहळ करत कथा लिहिली की मला चीड येते. म्हणजे मी नदीकाठ यांच्या बाजूने असायला पाहिजे.

पण मी नाही. कारण सांगतो. मला ज्याची चीड येते त्या लेखकाला त्या कथेचं मानधन मिळतं, पुरस्कार मिळतो, त्याचा स्वतःचा पाट तसाच राहतो. माझ्या आजीचं दुःख त्याला काहीतरी देऊन जातं. गालिचला या गाण्यांनी काय दिलं? होतं नव्हतं ते नेलं. नाटकं बंद, सिनेमे बंद, उरली ती आजारपणाची तुटपुंजी पेन्शन. कैद्यांचा 'मी' उचलला आणि त्याची किंमत स्वतःच्या ताटातून भरली. ज्याने किंमत भरली त्याला मी लुटारू म्हणणार नाही.

अजून एक. वार्लाम शालामोवने कोलिमाच्या छावण्यांत आणि खाणींत वर्षांमागून वर्षं काढली, त्याच्या कथा वाचल्यात मी, जेवण जात नाही दोन दिवस. गालिचचं एक छावणीचं गाणं त्याला अर्पण केलेलं आहे. चोरी करणारा माणूस मालकाचं नाव वर लिहीत नाही.

नदीकाठ
@तांबडी_माती दोन दिवस विचार केला तुमच्या प्रतिसादावर. ताटाचं पटलं. तरी एक खुपतं ते लिहितेच. किंमत भरणार हे गाताना त्याला माहीत होतं का? पहिली वर्षं तर मित्रांच्या घरी, खाऊन पिऊन, टाळ्या घेऊन गाणं चाललं होतं. भोगलेल्याच्या मागे तेव्हा टाळ्या नव्हत्या.

खारकोवी
नदीकाठ, माहीत होतं. १९६८ बघा. मार्चमध्ये नोवोसिबिर्स्कजवळच्या अकादेमगोरोदोक या शास्त्रज्ञांच्या वसाहतीत गाणाऱ्या कवींचा महोत्सव झाला, 'इंटिग्रलखाली' नावाच्या क्लबने भरवलेला. देशात खुल्या व्यासपीठावर गालिचची ती एवढीच खरी मैफल. तिथे त्याने 'पास्तरनाकच्या स्मृतीस' म्हटलं. सभागृह उभं राहिलं, आधी पूर्ण शांत, मग टाळ्या. बक्षीस म्हणून पुश्किनच्या पिसाच्या लेखणीची चांदीची प्रतिकृती दिली. पुढच्याच महिन्यात तिथल्या पेपरात त्याच्यावर झोडपणारा लेख, आणि क्लबही बंद पडला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. त्या दिवसांत त्याने 'पीटर्सबुर्गचं प्रेमगीत' लिहिलं, १८२५ च्या डिसेंबरमध्ये झारविरुद्ध उठलेल्या बंडखोरांवर, पण त्यात प्रश्न आजचा, ठरलेल्या वेळी चौकात जायची तुझी छाती आहे का? २५ ऑगस्टला लारिसा बोगोराझ, पावेल लित्विनोव, नताल्या गोर्बानेव्स्काया आणि आणखी काही जण खरंच निषेधाला मॉस्कोच्या लाल चौकात जाऊन बसले, काही मिनिटांत उचलले गेले. पुढच्या वर्षी फ्रँकफुर्टच्या पोसेव प्रकाशनाने त्याची गाणी छापली. एवढं झाल्यावर त्याला काय होणार हे कळत नव्हतं असं कसं म्हणणार? थांबायला तीन वर्षं होती. नाही थांबला.

कोरा_कागद
पास्तरनाकच्या गाण्यात काय आहे एवढं?

मंद्रसप्तक
पास्तरनाकला १९५८ चं नोबेल जाहीर झालं, मग मातृभूमीचा द्रोही म्हणून रान उठवलं, लेखक संघातून काढलं, नोबेल नाकारायला लावलं. ३० मे १९६० ला तो गेला तेव्हा पेपरात छोटीशी सूचना, लेखक कल्याण निधीचे सदस्य वारले. तेवढंच. गालिच गाण्याच्या सुरुवातीला ती सूचनाच वाचतो. मग गाण्यात उपरोधाने म्हणतो, आपल्याला किती अभिमान की तो स्वतःच्या बिछान्यात मेला. आणि पुढे ते येतं, ज्याने ज्याने त्या बैठकीत हात वर केला त्या प्रत्येकाला आम्ही नावानिशी लक्षात ठेवू.

आणि मग १९७१. त्याच संघात, त्याच्यासाठी हात वर. गालिचच्याच सांगण्यानुसार पहिल्या मतदानात चौघं हकालपट्टीच्या विरोधात होते, त्यांना सांगण्यात आलं की निर्णय एकमताने हवा, परत मतदान झालं, आणि एकमत झालं.

अत्तरदाणी
मी या धाग्यावर एका ओळीच्या वर लिहिणार नव्हते. पण 'हात वर' वाचल्यावर लिहितेय.

बावीस वर्षांपूर्वी मी एका कॉलेजात शिकवायचे. नाव गाव सांगत नाही. आमच्यातल्या एका सरांनी परीक्षेतल्या गैरप्रकाराची तक्रार वर केली होती. स्टाफ मीटिंग बोलावली, ठराव होता की त्यांच्या वागण्याने संस्थेची बदनामी झाली. कोणी कोणाला धमकी दिली नाही. चहा आला, बिस्किटं आली, ठराव वाचला, हात वर करा म्हणाले. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि केला. सर माझ्यासमोर दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी मान वर करून एकेकाकडे बघितलं, रागाने नाही, मोजल्यासारखं. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली. मी त्यांच्याशी आजवर बोललेले नाही.

काल मी ते गाणं लावलं, शब्द कळत नाहीत, तुम्ही सांगितलेला अर्थ समोर ठेवून ऐकलं. सगळं ऐकवलं नाही.

खारकोवी
ताई, लिहिलंत हे फार मोठं आहे.

तांबडी_माती
ते सर हयात असतील तर एक पत्र लिहा. खरंच सांगतो. माझ्या वडिलांच्या बाबतीत असंच झालं होतं, एकाने एकोणीस वर्षांनी पत्र पाठवलं, चार ओळींचं. वडिलांनी ते पाकिटात ठेवून पाकीट देवळीत ठेवलं होतं.

कोरा_कागद
अवांतर आहे पण विचारतो, याची एवढी सगळी गंभीरच गाणी आहेत का? माझ्या बायकोला ऐकवायचंय काहीतरी, ती म्हणते तू आठवडाभर तोंड पाडून बसलायस.

मंद्रसप्तक
मग 'लेनोच्का' ऐकवा! त्याचं हे पहिलं म्हणावं असं गाणं, १९६२, मॉस्को-लेनिनग्राड गाडीत रात्री रचलेलं. लेनोच्का ही रस्त्यावर ड्यूटीवर उभी असलेली ट्रॅफिक पोलीस पोरगी, पाहुण्यांच्या गाड्यांचा ताफा जातो, त्यात इथिओपियाचा देखणा राजबिंडा पाहुणा, तो हिला बघतो आणि खलास. दुसऱ्या दिवशी बोलावणं, आणि पोरगी थेट राणीच. परीकथा आहे पण आजूबाजूची सगळी सरकारी माणसं इतकी खरी आहेत की हसू आवरत नाही.

स्पूलवाला
आणि लहान मुलं निजल्यावर 'रात्रीची गस्त' ऐका. शहर झोपलेलं असताना स्तालिनचे उखडलेले पुतळे, कुणाचा हात तुटलाय, कुणाचं डोकं नाही, ढोलावर संचलन करत निघतात. सकाळी परत आपापल्या जागी, वाट बघत.

नाटकवेडा
अजून एक राहिलं, 'कद्दिश' (ज्यूंची मृतांसाठी म्हणायची प्रार्थना), यानुश कोर्चाकवरची लांबलचक रचना. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सातल्या वस्तीतला अनाथाश्रम चालवणारा डॉक्टर, सुटायची संधी असून मुलांना सोडून गेला नाही, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलांबरोबरच त्रेब्लिन्काच्या मृत्युछावणीत गेला. यात आपल्याकडचा एक धागा आहे. त्याच्या तीनच आठवडे आधी, १८ जुलैला, त्या मुलांनी आश्रमात टागोरांचं 'डाकघर' केलं होतं. आजारी अमल खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघतो ते. मी शाळेत असताना अमल केलाय. तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता नदीकाठ, कोर्चाक पण 'मी' म्हणूनच बोलतो त्या रचनेत. तिथेही तुमचा आक्षेप आहे?

नदीकाठ
@नाटकवेडा नाही. तिथे नाही. कारण तिथे तो 'मी' म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं.

हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं की नार्वाच्या सैनिकांचंही तेच. आणि कोलिमात राहून गेलेल्यांचंही. बरं. 'ढग'मधला म्हातारा मात्र परत आलाय, हॉटेलात बसलाय, त्याला स्वतःचं तोंड आहे. त्याच्याबद्दल माझं मत अजून तेच आहे.

खारकोवी
त्याला तोंड होतं पण बोलायला बंदी होती हो. सुटताना सही घेत, आत काय पाहिलं ते बोलणार नाही म्हणून.

नदीकाठ
मला परत ऐकायला लागणार.

सीनकाठी
नमस्कार, मी पॅरिसला असते, एरवी वाचनमात्र. धागा वाचून गेल्या रविवारी सेंत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा च्या रशियन दफनभूमीत जाऊन आले. लोकल गाडी आणि पुढे बस, तासाभराचा रस्ता. भूर्जाची झाडं, निळ्या घुमटाचं छोटं चर्च. बूनिन तिथेच, तारकोव्स्की तिथेच, नुरेयेवच्या थडग्यावर मोझाइकचा गालिचा घातलाय तिथे पर्यटकांची गर्दी. गालिचकडे कोणी नव्हतं. शेजारी बायको, अंजेलिना, ती १९८६ मध्ये गेली. दगडावर बायबलमधलं वाक्य आहे, सत्यासाठी ज्यांचा छळ झाला ते धन्य.

त्याचं 'मी परत येईन तेव्हा' हे गाणं मी तिथे उभं राहून फोनवर लावलं, हळू आवाजात. देश सोडण्याआधीचं गाणं. फेब्रुवारीतल्या बर्फात परत येण्याबद्दल. लेखक संघाने १९८८ मध्ये त्याला पुन्हा सदस्य करून घेतलं, तो स्वतः इथेच राहिला.

एक म्हाताऱ्या बाई पलीकडच्या थडग्यावर पाणी घालत होत्या, गाणं ऐकून जवळ आल्या. मला रशियन येत नाही, त्यांना माझं फ्रेंच कळत होतं. म्हणाल्या, आमच्याकडे घरी याची स्पूल होती, मी लहान होते, मला वाटायचं हे आमचे कोणीतरी काका आहेत, तुरुंगात होते ते. आईला विचारलं तर आई म्हणाली हो, आपलेच आहेत.

फोटो संध्याकाळी टाकते, आत्ता उजेड फार चांगला नव्हता.

मंद्रसप्तक
सीनकाठी, फोटो नक्की टाका. आणि पुन्हा गेलात तर आमच्या सगळ्यांच्या वतीने पाणी घाला.